कुतुबमिनाराचा जीर्णोद्धार आणि दगडावरील नावे

श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार समितीच्या कार्यकर्त्यांनी या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या असा आग्रह धरला. मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन तालुका कचेरीत कारकुनीस लागलेला मनुष्य. इतिहास-संशोधनाचा माझा अधिकार नाही. परंतु जुनी दप्तरे चाळण्याची सवय डोळ्यांना लागलेली आहे, आणि त्या सवयीने जे पाहिले व नंतर तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तके आणून जे ताडून घेतले, तेवढेच येथे मांडतो.

विषय दिल्लीच्या कुतुबमिनाराचा आहे. भैरवनाथाच्या स्मरणिकेत कुतुबमिनार कशाला, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना एवढीच विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा. हा मिनार आठशे वर्षे उभा आहे असे आपण सहज म्हणतो. पण तो नुसता उभा राहिलेला नाही. त्यावर विजा पडल्या, भूकंप झाले, वरचा भाग कोसळला, आणि दर वेळी कोणीतरी त्याची डागडुजी केली. त्या प्रत्येक डागडुजीची नोंद त्याच्या अंगावर किंवा कागदोपत्री आहे. जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेल्या गावाने वाचावा असाच तो इतिहास आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या गावातून मथुरा, हरिद्वार व काशी अशी यात्रा निघाली होती, तेव्हा वाटेत दिल्लीत दीड दिवसाचा मुक्काम होता. लाल किल्ला, राजघाट वगैरे पाहून झाल्यावर बस दक्षिणेकडे महरौली या भागात गेली. बसमध्ये आपल्या देवळाचे घडीव काम करणारे पाथरवट मिस्त्रीही सहकुटुंब होते. ते बरोबर होते म्हणून माझे पाहणे निराळे झाले. बाकी मंडळी वर पाहत होती, मिस्त्री दगडाच्या सांध्यांकडे पाहत होते.

प्रथम मिनाराचे माप सांगतो. उंची साडेबहात्तर मीटर, म्हणजे सुमारे २३८ फूट. बुडाशी व्यास १४.३२ मीटर आणि शेंड्याशी अवघा २.७५ मीटर. आत ३७९ पायऱ्यांचा गोल जिना. आपल्या देवळापुढची दीपमाळ साधारण अठरा फूट आहे. तशा तेरा दीपमाळा एकीवर एक ठेवल्या तर कुतुबमिनाराच्या शेंड्याला पोहोचू. बाहेरून घडीव दगड आणि आतून चुन्यातला भराव, असे बांधकाम आहे. मजले पाच आणि प्रत्येक मजल्याच्या शेवटी बाहेर आलेला सज्जा. सज्जांखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी कोरली आहे. पहिल्या मजल्याच्या अंगाला एक गोल, एक टोकदार असे आळीपाळीने उभे पन्हळ आहेत. दुसऱ्या मजल्यावर सर्व गोल. तिसऱ्यावर सर्व टोकदार. आणि त्यावर मात्र अंग साधे, लाल दगडात संगमरवर बसवलेले. खालून वर पाहत गेले की हात बदलले हे साध्या माणसाच्याही ध्यानात येते.

आमच्या कचेरीत जमिनीचा सातबारा असतो हे सर्वांस माहीत आहे. सातबाऱ्यावर आज मालक कोण ते दिसते. पण तो मालक कसा झाला, आधी कोण होता, वाटप केव्हा झाले, बोजा केव्हा चढला व केव्हा उतरला, हे पाहायचे तर फेरफाराची नोंदवही काढावी लागते. कुतुबमिनार ही मला अशीच दगडाची फेरफार नोंदवही वाटली. अरबी, फारसी आणि नागरी अशा नोंदी तिच्यात आहेत.

पहिली नोंद अशी. सन ११९२ मध्ये तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज चौहानाचा पराभव झाला आणि दिल्ली घोरच्या मुइझुद्दीन महंमदाच्या, म्हणजे आपण ज्यास महंमद घोरी म्हणतो त्याच्या, सरदाराकडे गेली. तो सरदार कुतुबुद्दीन ऐबक. त्याने तोमर राजांच्या लालकोट किल्ल्याच्या जागी मशीद उभारली आणि तिच्या लगत ११९९ च्या सुमारास मिनाराचा पाया घातला. त्याच्या हयातीत पहिला मजलाच झाला. त्याचा जावई इल्तुतमिश याने पुढचे तीन मजले चढवले. इल्तुतमिश १२३६ मध्ये वारला. कुतुब हे नाव ऐबकावरून पडले की महरौलीतच ज्यांचा दर्गा आहे त्या कुतुबुद्दीन बख्तियार काकी या सूफी संताच्या नावावरून पडले, याबद्दल विद्वानांत दोन मते आहेत.

आमच्या बसमधील एका तरुणाने मिनार पाहताच मोठ्याने सांगितले की हा मुळात पृथ्वीराजाचा विजयस्तंभ आहे, नाव तेवढे बदलले. अशी समजूत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. मी त्याला एवढेच म्हणालो, "बाळ, दावा कोणीही करतो, नोंद दाखवावी लागते." पहिल्या मजल्याभोवतीच्या पट्ट्यांवर घोरच्या मुइझुद्दीनाचे व त्याचा थोरला भाऊ गियासुद्दीन याचे नाव कोरलेले आहे. वरच्या मजल्यांवर इल्तुतमिशाचे नाव आहे. अफगाणिस्तानात जाम या ठिकाणी त्याच घोरी घराण्याने थोड्याच वर्षांपूर्वी असा उंच मिनार उभारला होता, तोही आज उभा आहे. जागा तोमर-चौहानांची होती यात वाद नाही. मिनार त्यांचा नाही.

मात्र शेजारच्या मशिदीची गोष्ट निराळी आहे आणि तीही जशी आहे तशी सांगितली पाहिजे. तिच्या पूर्वेच्या दारावर फारसी लेख आहे. सत्तावीस देवळांचे साहित्य या मशिदीस लावले, असे तो लेख स्वतःच सांगतो. बांधणाऱ्यांनी ती गोष्ट लपवली नाही, उलट दारावर कोरून ठेवली. आतल्या ओवऱ्यांत गेलो तर खांबांवर साखळीला लोंबणाऱ्या घंटा, पूर्णघट, कीर्तिमुख. कित्येक ठिकाणी एका खांबावर दुसरा खांब ठेवून उंची साधलेली. आपल्या सभामंडपाच्या जुन्या खांबांवर जशी घंटा-साखळी आहे, अगदी तशीच तेथे पाहून आमच्यातील एक म्हातारी मावशी खांबाला हात लावून तो कपाळाला लावीत राहिली. कोणी काही बोलले नाही. मलाही गलबलून आले, हे लिहिण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कृत्याचा राग आज कोणावर काढावा असे मात्र तेथे उभे असताना माझ्या मनात आले नाही, आणि आजही येत नाही.

तेथेच मिस्त्रींनी मला एक गोष्ट दाखवली, जी माझ्या डोळ्याला कधी दिसली नसती. मशिदीपुढे उंच कमानींची एक भिंत आहे. मिस्त्री बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ही कमान दिसती, पण कमान न्हाई."

"म्हणजे कसे, मिस्त्री?"

"दगड बघा. थरावर थर आडवं ठिवल्यात आन् दोन्ही अंगांनी जरा जरा म्होरं सरकवीत नेल्यात. ही आपल्या देवळाची रीत. खऱ्या कमानीत दगड पाचरीवानी घडवून उभं बसवत्यात."

पुढे पुस्तकात पाहिले तर तंतोतंत तेच लिहिलेले. सुलतानाला कमान हवी होती, पण काम करणारे हात इथले, देवळे बांधणारे. त्यांना पाचरीच्या दगडांची कमान ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्या रीतीने थर पुढे सरकवून कमानीचा आकार देऊन टाकला. त्याच आवारात अलाउद्दीन खिलजीने १३११ मध्ये बांधलेला अलाई दरवाजा आहे, तेथे मात्र खरी कमान आहे. मिस्त्रींनी तीही जाऊन पाहिली आणि समाधानाने मान हलवली. शंभर-सव्वाशे वर्षांत कारागीर काय शिकले ते दोनशे पावलांच्या अंतरात दिसते.

अलाउद्दीनाला कुतुबमिनाराच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायचा होता. १३१६ मध्ये तो वारला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबले. तो भला मोठा ओबडधोबड बुंधा अजून आहे. समितीच्या खजिनदारांनी तो जरूर पाहावा!

मशिदीच्या अंगणातील लोहस्तंभाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. हा खांब मिनाराहून आठशे वर्षे जुना. सात मीटरांहून थोडा अधिक उंच, वजन सहा टनांच्या वर. त्यावरील संस्कृत लेख चंद्र नावाच्या राजाचा आहे. हा राजा म्हणजे गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त असे बहुतेक विद्वान मानतात. विष्णुपद नावाच्या टेकडीवर विष्णूचा ध्वज म्हणून तो उभारला असे लेखात आहे, म्हणजे तो मूळचा दिल्लीचा नव्हे. इतक्या पावसाळ्यांत तो गंजून गेला नाही याचे कारण लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने वर पातळ संरक्षक थर धरला, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी लोक पाठ टेकून उलट्या हातांनी त्याला मिठी मारीत. सततच्या हाताळणीने तो खराब होऊ लागला म्हणून १९९७ मध्ये भोवती कुंपण घातले.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

उंच वस्तूवर वीज पडते. चौदाव्या शतकात, तुघलकांच्या अमदानीत, मिनारावर वीज पडून नुकसान झाल्याच्या व दुरुस्ती झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांपैकी मोठी दुरुस्ती फिरोजशहा तुघलकाच्या वेळची, सुमारे १३६८-६९ सालची. चौथा मजला विजेने खिळखिळा झाला होता. फिरोजशहाने तो उतरवून त्या जागी दोन मजले चढवले, म्हणून आज पाच दिसतात. वरच्या भागातील संगमरवर त्याच्या वेळचा. त्याने स्वतःच्या कारकिर्दीचा एक छोटा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यात तो म्हणतो की पूर्वीच्या राजांच्या पडझड झालेल्या इमारती मी दुरुस्त केल्या, आणि माझ्या नव्या इमारतींच्या आधी त्या कामास अग्रक्रम दिला. मिनाराची दुरुस्तीही त्यात नमूद आहे. त्याच वृत्तान्तात त्याने काही देवळे पाडल्याचेही अभिमानाने लिहिले आहे. दोन्ही नोंदी एकाच हातच्या आहेत आणि वाचणाऱ्याने दोन्ही वाचाव्यात.

पण मला विशेष वाटले ते निराळेच. तुघलकांच्या वेळच्या या दुरुस्त्यांच्या नोंदी राजाने फारशीत करविल्या, तशा कारागिरांनी आपल्या नागरी लिपीतही मिनाराच्या अंगावर करून ठेवल्या आहेत. संवत, तिथी, वीज पडली, दुरुस्ती झाली, असा सगळा तपशील. नाना, साल्हा, लोला, लक्ष्मण अशी सूत्रधारांची, म्हणजे आजच्या भाषेत मुख्य मिस्त्रींची नावे त्यांत आहेत. लाकूडकाम करणाऱ्या सुताराचीही नोंद आहे. आणि श्रीविश्वकर्म्याच्या प्रसादाने हे काम झाले, असे त्यांनी लिहिले आहे!

वाचकांनी क्षणभर विचार करावा. सुलतान मुसलमान, मिनार मशिदीचा, आणि त्याच्या अंगावर विश्वकर्म्याचे नाव. ते कोणी खोडले नाही. फिरोजशहासारख्या कडव्या राजाच्या वेळचे ते खोडले गेले नाही, आणि पुढेही साडेसहाशे वर्षांत कोणाला खोडावेसे वाटले नाही. ही नावे कोरताना कारागिरांनी परवानगी काढली होती की काम करता करता उंचावर छिन्नी चालवून दिली, हे दगड सांगत नाही. पण तेथपर्यंत शिडी लावून जाणारा दुसरा कोणी असेल तर तो पुढच्या दुरुस्तीचा कारागीरच. तेव्हा नोंद त्यांनी आपल्याच पुढल्या पिढीसाठी ठेवली असावी, असे आपले मला वाटते.

मी हे मिस्त्रींना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "नाना आमच्या आज्याचं नाव." मग थोडे थांबून म्हणाले, "आज्यानं पलीकडच्या तीन गावांची देवळं बांधली. कुठंच नाव न्हाई." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दिल्लीचा नाना कुठला आणि आपला नाना कुठला, नावाच्या सारखेपणाने नाते जुळत नाही, हे मला कळते. तरी मला त्यावर काही बोलता आले नाही.

पुढच्या नोंदी भराभर सांगतो. सिकंदर लोदीच्या वेळी, १५०३ च्या सुमारास, पुन्हा दुरुस्ती झाली. तिचा लेख दारावर आहे. मग जवळजवळ तीनशे वर्षांनी १ सप्टेंबर १८०३ रोजी उत्तर हिंदुस्थानात मोठा भूकंप झाला आणि मिनाराच्या शेंड्यावरची घुमटी खाली आली, अंगालाही इजा झाली. या तारखेपाशी मराठी माणसाने थोडे थांबावे. त्या दिवशी दिल्लीवर अंमल शिंद्यांचा होता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बादशहाचा मुख्त्यार होऊन जो कारभार हाती घेतला, तो दौलतराव शिंद्यांपर्यंत चालत आला होता. भूकंपानंतर दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रणात जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. मिनार कोसळलेल्या माथ्याने हे सर्व पाहत होता. त्या दहा दिवसांत त्याच्याकडे लक्ष देण्यास कोणास फुरसत होती!

इंग्रजांनीही फुरसतीनेच काम केले. १८२८ मध्ये मेजर रॉबर्ट स्मिथ या इंजिनियराने दुरुस्ती पुरी केली. निखळलेले दगड बसवले, भेगा भरल्या, मिनार मजबूत केला. हे काम चांगले झाले यात संशय नाही. परंतु पडलेल्या घुमटीच्या जागी काय बसवावे हा प्रश्न आला, तेव्हा साहेबाने आपल्या कल्पनेने लाल दगडाची खांबांवरची एक छत्री करून माथ्यावर चढवली. सज्जांचे कठडे आणि खालचे दारही आपल्या आवडीप्रमाणे सजवले. ती छत्री मिनाराला शोभेना. लोक हसू लागले. अखेर १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांच्या हुकमाने ती खाली उतरवली. ती आजही आवारातल्या हिरवळीवर ठेवलेली आहे आणि इंग्रजच तिला स्मिथचा मूर्खपणा असे म्हणत. छत्री स्वतंत्र पाहिली तर वाईट नाही. मिस्त्रींनी तिचे काम तपासून "घडाई चांगली हाय" असा निर्वाळा दिला. चूक घडाईत नव्हती, जागेत होती. मेहनतीने केलेली दुरुस्ती लोक विसरले आणि स्मिथसाहेबाचे नाव राहिले ते या छत्रीपायी.

आपल्याकडेही समितीच्या बैठकीत गाभाऱ्याच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट द्यावा, जोत्याला चकचकीत फरशा लावाव्यात, शिखराच्या जागी सिमेंटचे दुप्पट उंच शिखर चढवावे, अशा सूचना उत्साही मंडळींनी केल्या होत्या. हेतू चांगलाच होता. सुदैवाने बहुमत दुसऱ्या बाजूस पडले, दगड दगडच ठेवला, फक्त दर्जा काढून नव्याने भरल्या आणि गळणारे छत दुरुस्त केले. देणगीदार मंडळींना गावी आल्यावर देवळात फारसा बदल झालेला दिसत नाही, अशी कुजबूज माझ्या कानी आली आहे. त्यांनी पावसाळ्यात यावे आणि गाभाऱ्यात कोरड्या जमिनीवर बसावे, मग पैसा कुठे गेला ते समजेल.

मिनारावरचे उंचावरील लेख आज आपण पुस्तकात वाचू शकतो, याचे श्रेय पुष्कळ अंशी एका सरकारी नोकरास आहे. सय्यद अहमद खान हे पुढे अलीगढच्या कॉलेजचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्यापूर्वी ते दिल्लीत मुन्सफ होते. कोर्टाच्या कामातून सवड काढून ते दिल्लीच्या जुन्या इमारतींच्या नोंदी करीत. कुतुबमिनारावरचे जे लेख खालून वाचता येत नसत, त्यांच्यासाठी दोन बल्ल्यांच्या मध्ये दोरांनी टोपले बांधून, त्यात बसून ते वर लोंबकळत आणि अक्षरे उतरवून घेत. खाली उभ्या असलेल्या त्यांच्या स्नेह्याचा चेहरा भीतीने पांढरा पडत असे, असे त्यांच्या चरित्रकाराने, कवी हाली यांनी, लिहून ठेवले आहे. या परिश्रमातून १८४७ मध्ये त्यांचे 'आसार-उस-सनादीद' हे उर्दू पुस्तक निघाले. नोंदी करणाऱ्या आमच्यासारख्यांना कोणी फारसे विचारीत नाही, म्हणून मुद्दाम हा उल्लेख केला.

मिनारावर आता चढता येत नाही. आपल्या गावातील एक निवृत्त सैनिक सांगतात की ते १९७० नंतर दिल्लीला असताना पहिल्या सज्जापर्यंत गेले होते. त्या काळी तेवढेच जाऊ देत. ४ डिसेंबर १९८१ रोजी आत जिन्यात गर्दी असताना वीज गेली, अंधारात घबराट उडाली आणि चेंगराचेंगरीत ४५ जणांचा प्राण गेला. त्यांत बरीचशी सहलीला आलेली शाळकरी मुले होती. तेव्हापासून दार बंद आहे. वर्षानुवर्षे चढणारे चढत होते, जिना तोच, अरुंद वळणे तीच. फक्त एक दिवा गेला. आपल्या यात्रेच्या रात्री सभामंडपात जी दाटी होते आणि बाहेर पडण्यास जे एकच दार आहे, त्याचा विचार कार्यकारिणीने या निमित्ताने करावा. उत्तरेकडील बुजवलेले दार उघडण्याचा ठराव गेली दोन वर्षे इतिवृत्तात पडून आहे.

१९९३ मध्ये युनेस्को या संस्थेने कुतुबमिनार व त्याचे आवार जागतिक वारशाच्या यादीत घेतले. देखभाल भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. मिनार किंचित नैर्ऋत्येकडे कलला आहे, परंतु त्यापासून धोका नाही असे तज्ज्ञ म्हणतात. मिस्त्रींनी खिशातला ओळंबा काढून हात लांब करून डोळ्यासमोर धरला आणि कलल्याचे आपल्या परीने पाहून घेतले. यात्रेला निघताना ओळंबा कशासाठी घेतला होता, हे मी विचारले नाही.

आता आपल्या घरच्या नोंदीविषयी. देणगीदारांची नावे कोरण्यासाठी काळ्या दगडाच्या दोन शिळा तयार झाल्या आहेत. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या मंडळींनी, माहेरवाशिणींनी, आणि ज्यांची शेती जेमतेम आहे अशा कित्येकांनी पोटास चिमटा घेऊन पैसे दिले. त्यांची नावे कोरली गेलीच पाहिजेत. मागील बैठकीत मी अशी सूचना मांडली की पाथरवट, गवंडी आणि सुतार यांचीही नावे त्याच शिळेवर, त्याच अक्षरात यावीत. त्यावर बराच वाद झाला. त्यांनी रोज घेतला, मग नाव कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे पडले. उद्या वाळू आणणारा ट्रॅक्टरवालाही नाव मागेल, असेही एकाने म्हटले आणि हशा पिकला.

या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु दिल्लीच्या नाना आणि साल्हा यांनीही रोज घेतलाच असेल. सुलतानाचे काम फुकट कोण करील? नाव लागण्यासाठी मजुरी सोडावी लागते, असा नियम कोठेही नाही. आपल्या महाराष्ट्रातच पाहावे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. गडाचे बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली झाले. महाराजांच्या राजधानीत बांधणाऱ्याचे नाव देवाच्या पायरीवर चालले, तर आपल्याला अडचण कसली? आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे. पन्नास-साठ वर्षांनी छत पुन्हा गळू लागले, तर त्या वेळच्या समितीस देणगी किती जमली होती यापेक्षा कोणत्या खाणीचा दगड लावला, चुना की सिमेंट वापरले, आणि काम कोणत्या गावच्या कोणत्या घराण्याने केले, ही माहिती अधिक उपयोगी पडेल. आपल्याला या वेळी ती मिळाली नाही. सभामंडपाचे जुने खांब कोणी घडवले हे सांगणारा गावात एकही मनुष्य उरलेला नाही, आणि खांबांवर एक अक्षर नाही.

मिस्त्री या वादात पडले नाहीत. त्यांना विचारले तेव्हा, "समिती म्हणंल तसं," एवढेच ते म्हणाले. शिळेवरची अक्षरे कोरण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.

बैठकीत निर्णय झाला नाही. कलशारोहणापूर्वीच्या सभेत तो व्हावयाचा आहे. दुसऱ्या शिळेवर देणगीदारांची नावे संपल्यावर खाली चार ओळींची जागा राहते, हे मी स्वतः टेप लावून मोजून आलो आहे.